पायावर निळ्या, गालावर लाल : जाळीदार शिरांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी त्वचेखाली दिसणाऱ्या बारीक शिरांविषयीची पत्रे मी बाजूला काढून ठेवली होती. विटा, तासगाव, आष्टा आणि सांगली शहरातून आलेल्या या पत्रांत जवळजवळ सर्वांनी ‘स्पायडर व्हेन्स’ हा एकच शब्द वापरला आहे, परंतु पत्रे नीट वाचली तर प्रत्येकाचे दुखणे निराळे असल्याचे दिसते. म्हणून त्यांची उत्तरे एकाच अंकात देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून बावीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवते. दिवसाचे पाच-सहा तास उभे राहण्यात जातात. दुसऱ्या बाळंतपणानंतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला निळ्या-जांभळ्या रेषांचे जाळे दिसू लागले आणि आता तसेच जाळे उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूलाही आले आहे. संध्याकाळी पाय जड होतात. एका ब्युटी पार्लरमध्ये ‘लेझरने एका बैठकीत घालवू’ असे सांगितले. आई म्हणते, तिळाचे तेल चोळ. इंजेक्शन देऊन शिरा बंद करतात असेही ऐकले आहे, पण शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून, अशी भीती वाटते. – एक शिक्षिका, विटा

उत्तर : बाई, आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती दूर झाल्याशिवाय पुढचे काहीच पटणार नाही. पायातले बहुतेक सर्व रक्त स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांमधून वर जाते. त्वचेत दिसणाऱ्या या रेषा एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या असतात आणि त्यांतून वाहणारे रक्त इतके थोडे असते की त्या बंद झाल्याने पायाचे काहीही अडत नाही. किंबहुना त्या फुगलेल्या असल्यामुळे रक्त वर नेण्याचे काम त्या आधीच नीट करीत नसतात.

आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगणे तुलनेने सोपे आहे. म्हैसाळ योजनेचे पाणी कृष्णेतून टप्प्याटप्प्याने उचलून वरच्या भागाला नेले जाते, तसेच पायातले रक्तही टप्प्याटप्प्याने वर चढते. पोटरीचा स्नायू हा पंप, आणि शिरांच्या आतल्या झडपा म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह. चालताना पोटरी आवळली की रक्त वर ढकलले जाते आणि झडप मिटून ते खाली येऊ देत नाही. तासन्‌तास एका जागी उभे राहिले की पंप बंद राहतो आणि शिरांवर रक्ताचा भार पडत राहतो. त्यात झडप गळू लागली, तर फूटव्हॉल्व्ह गळणाऱ्या पाइपासारखे रक्त उलटे खाली उतरते आणि खालच्या लहान शिरा ताणून रुंद होतात. उभे राहण्याचा व्यवसाय हे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता, गर्भारपणे, वय आणि वजन यांचाही त्यात वाटा असतो, आणि एकाच शाळेत तितकीच वर्षे उभ्या राहिलेल्या दोन शिक्षिकांपैकी एकीच्याच पायावर जाळे का दिसते, याचे उत्तर बहुधा तिच्या आईच्या पायांवर सापडते.

आपल्या पत्रातल्या दोन जागांना मी निरनिराळे महत्त्व देते. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे जाळे बहुतेक वेळा केवळ दिसण्यापुरते असते. घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखे पसरलेले जाळे मात्र वरच्या मोठ्या शिरेची झडप गळत असल्याची खूण असू शकते, आणि संध्याकाळचे जडपण त्या शंकेला बळ देते. म्हणून कोणताही उपचार ठरवण्यापूर्वी पायांच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी, आणि ती उभे राहून करावी. झडप गळते का हे झोपलेल्या स्थितीत विश्वासाने कळत नाही. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटे वाहिले, तर त्या शिरेत दोष आहे असे मानतात. तसे आढळल्यास आधी त्या मोठ्या शिरेचा उपचार करावा लागतो. आजकाल तो शिरेच्या आत बारीक तार घालून लेझरच्या किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने करतात. हे न करता वरवरच्या रेषा मिटवणे म्हणजे चारीला पाणी सुरू ठेवून सरीतले पाणी उपसत बसणे होय. काही महिन्यांत जाळे पुन्हा भरते आणि रुग्ण म्हणतो, ‘इंजेक्शनचा उपयोग झाला नाही.’

मोठी शीर निर्दोष निघाली, तर पायावरच्या जाळीदार शिरांसाठी स्क्लेरोथेरपी, म्हणजे शिरेत औषध टोचण्याची पद्धत, हीच आजही पहिली निवड आहे. पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध अत्यंत बारीक सुईने शिरेत सोडले जाते. एक मिलिमीटरपर्यंतच्या शिरांना पॉलिडोकॅनॉल साधारण ०.५ टक्का तीव्रतेचे आणि एक ते तीन मिलिमीटरच्या हिरवट-निळ्या शिरांना १ टक्का तीव्रतेचे पुरते. औषधाने शिरेचे आतले अस्तर दुखावते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि मिटलेली शीर शरीर काही आठवड्यांत हळूहळू शोषून घेते. पॉलिडोकॅनॉल हे मुळात जागा बधिर करणारे औषध म्हणून तयार झाले होते, त्यामुळे टोचताना फारसे दुखत नाही. जाळ्याला रक्त पुरवणारी जी थोडी जाड, हिरवट शीर जवळपास असते, ती कसबी डॉक्टर आधी हुडकतात, कारण ती सोडून फक्त रेषांत औषध भरणे म्हणजे पुन्हा चारी आणि सरीचीच गोष्ट.

एका बैठकीत सगळे जाळे जाईल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन, काही वेळा चार बैठका लागतात. इंजेक्शननंतर दाबाचे मोजे घालून लगेच अर्धा तास चालायचे असते; झोपून राहणे हेच अयोग्य. मोजे किती दिवस घालायचे हे शिरेच्या जाडीवर ठरते, साधारणपणे एक ते तीन आठवडे. पहिले काही दिवस जड व्यायाम, गरम पाण्याचे शेक आणि पायांवर ऊन टाळावे.

आता तोट्यांविषयी, कारण जाहिरातीत ते कुणी लिहीत नाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे टोचलेल्या रेषेच्या जागी उमटणारा तपकिरी डाग. बहुतेकांचा तो सहा महिने ते वर्षभरात फिका होतो, परंतु थोड्या जणांचा रेंगाळतो. काहींना त्याच जागी आणखी बारीक, लालसर रेषांचा पुंजका उठतो. बंद झालेल्या शिरेत काळे रक्त अडकून गाठ लागल्यास ते सुईने बाहेर काढावे लागते. ते वेळीच काढले तर डागही कमी पडतो. त्वचेला जखम होणे, औषधाची ॲलर्जी येणे किंवा खोल शिरेत गुठळी होणे हे क्वचित घडते, पण घडू शकते, आणि म्हणूनच हा उपचार सुई चालवता येणाऱ्या कुणाकडूनही न घेता त्वचारोगतज्ज्ञ किंवा रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद यांच्याकडूनच घ्यावा. पूर्वी पायात गुठळी झाली असल्यास ते आधीच सांगावे.

पार्लरमधल्या लेझरबद्दल माझे मत स्पष्ट आहे : पायांसाठी लेझर ही दुसरी निवड आहे. सुई मुळीच सहन होत नसेल, शिरा सुईही आत जाणार नाही इतक्या बारीक असतील किंवा वर सांगितलेला लालसर पुंजका उठला असेल, तेव्हा लेझरचा विचार होतो. तेव्हाही आपल्या रंगाच्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग यंत्र आणि ते चालवणारा डॉक्टर लागतो. केस काढण्याच्या यंत्राने शिरा घालवण्याचा प्रयोग झालेल्या पोटऱ्या मी पाहिल्या आहेत. शिरा होत्या तशाच होत्या, आणि त्यांच्यावर भाजल्याचे पट्टे होते.

आईंचे तेल चोळण्यास हरकत नाही. पाय हलके वाटतील, पण रेषा जाणार नाहीत. वर्गात दर वीस-पंचवीस मिनिटांनी टाचा दहा-बारा वेळा वर-खाली करण्याचा फायदा त्याहून अधिक होईल, कारण त्याने पंप तरी चालू होतो.

प्रश्न : डॉक्टरांनी दाबाचे मोजे घालण्यास सांगितले आहे, परंतु सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ते सहन होत नाहीत. वडिलांचे मोजे घरात आहेत, ते वापरले तर चालतील का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दुसऱ्याचे मोजे वापरू नयेत. ते घोटा, पोटरी आणि मांडी यांचे माप घेऊन निवडावे लागतात, आणि त्यांचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त व वर कमी होत जाईल अशी त्यांची वीण असते. मापात चूक झाली तर वरचीच कड आवळते आणि उपायाचा अपाय होतो. साधारणपणे पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटर दाबाचे मोजे दिले जातात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पाय सुजण्याआधी ते चढवावेत आणि रात्री काढावेत. उन्हाळ्यात मांडीपर्यंतच्या ऐवजी गुडघ्याखालचे मोजे चालतील का, हे डॉक्टरांना विचारावे; बहुतेकांना चालतात. मोज्यांनी दिसणाऱ्या शिरा नाहीशा होत नाहीत, जडपण आणि सूज कमी होते, एवढेच. मधुमेह किंवा धूम्रपान यांमुळे पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या व्यक्तीने मात्र तपासणी केल्याशिवाय दाबाचे मोजे मुळीच घालू नयेत.

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. वय ३८. गालांवर वांग होते म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणली आणि तीन वर्षे रोज रात्री लावली. सुरुवातीला चेहरा उजळला. आता दोन्ही गालांवर आणि नाकाच्या कडेला लाल रेषा दिसतात, उन्हात गेले की चेहरा पेटतो, आणि ट्यूब दोन दिवस थांबवली तर आग होते व पुटकुळ्या येतात, म्हणून पुन्हा लावते. पायाला करतात तसे इंजेक्शन चेहऱ्याला करता येईल का? – एक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, इंजेक्शनचा प्रश्न एका वाक्यात संपवते : चेहऱ्यावर ते करू नये. चेहऱ्याच्या शिरांचा संबंध डोळ्यांकडे आणि मेंदूच्या तळाशी जाणाऱ्या शिरांशी असल्यामुळे, औषध भलतीकडे गेल्यास होणारे नुकसान गालावरच्या रेषेपेक्षा फार मोठे असते.

आपला खरा प्रश्न ती ट्यूब आहे. वांगासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक मलमांत रंग उतरवणाऱ्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासॉल यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. काही आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचा उपयोग होतो. वर्षानुवर्षे लावल्यास त्वचा पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या सैलावून रुंद होतात आणि पातळ कातडीतून त्या लाल रेषांसारख्या दिसू लागतात. काहींना त्याबरोबर गालांवर बारीक केसही वाढतात. थांबवल्यावर होणारी आग म्हणजे त्वचेला लागलेली सवय आहे. मलमाची गरज असल्याचा तो पुरावा नव्हे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात असे चेहरे इतके दिसतात, की मी प्रथम रुग्णाची पिशवी उघडायला सांगते. ट्यूब बहुधा तिथेच असते. अशी स्टेरॉइड मलमे २०१८ मध्ये केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली. तरीही ती शेजारणीकडून शेजारणीकडे आणि जावेकडून नणंदेकडे फिरतच राहतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूबसकट भेटावे आणि ती कशी सोडायची ते ठरवावे. काहींची एकदम बंद करतात, काहींना सौम्य स्टेरॉइडवर आणून उतरवतात, आणि मधल्या काळातली आग व पुटकुळ्या कमी करण्यासाठी स्टेरॉइड नसलेली औषधे देतात. पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. याच टप्प्यावर बहुतेक जणी हार मानून ट्यूब पुन्हा आणतात, म्हणून घरातल्या सर्वांना हे आधीच सांगून ठेवावे. त्वचा स्थिरावण्यास काही महिने लागतात, आणि तोपर्यंत पुष्कळशी लाली आपोआप उतरते. त्यानंतर ज्या रेषा उरतील, त्यांच्यासाठीच लेझरचा विचार करावा.

चेहऱ्यावर लेझर चांगले काम करते, याचे कारण असे : ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे रक्तवाहिनी आतून तापून मिटते आणि भोवतालची त्वचा वाचते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. अडचण एवढीच, की ५३२ नॅनोमीटरचे केटीपी आणि ५९५ नॅनोमीटरचे पल्स्ड डाय ही चेहऱ्यासाठी प्रसिद्ध असलेली यंत्रे ज्या प्रकाशावर चालतात, तो प्रकाश आपल्या त्वचेतला रंगही शोषतो. गोऱ्यापान युरोपीय गालावर जे निर्धास्तपणे चालते, ते आपल्याकडे जपून, कमी शक्तीवर आणि त्वचा थंड ठेवूनच चालवावे लागते. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश खोल जातो आणि रंगाला कमी धरतो, म्हणून सावळ्या त्वचेला तो अधिक सुरक्षित. आपल्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण वांग असलेल्या त्वचेवर प्रकाशाचा मारा झाला तर वांगच गडद होऊ शकते. कानाजवळ छोटी चाचणी करून, काही आठवडे थांबून मगच गालाला हात लावणारा डॉक्टर हा सावकाश वाटला तरी चांगला डॉक्टर समजावा. नाकपुडीजवळ दोन-चारच रेषा असतील, तर विजेच्या बारीक सुईने त्या जागच्या जागी मिटवता येतात. खर्च कमी येतो, मात्र हात हलका नसेल तर खळगा पडतो.

लेझरच्या आधी आणि नंतर साधारण चार-चार आठवडे ऊन टाळावे लागते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून बेदाणा शेडवरून उतरेपर्यंत बागायतदाराच्या घरातल्या स्त्रीला हे जमणार नाही, हे मी जाणते. त्यामुळे हा उपचार पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये ठेवावा. ढगाळ हवेतही सनस्क्रीन लावावेच. आग होणाऱ्या त्वचेला झिंक ऑक्साइडचे, किमान तीस एसपीएफचे सनस्क्रीन बहुधा सोसते. बागेत नुसत्या पदरावर भिस्त न ठेवता रुंद कडांची टोपी घालावी.

एक पुस्ती जोडते. ट्यूब न लावताही ज्यांचा चेहरा ऊन, गरम चहा, तिखट किंवा रागाने पेटतो आणि गाल-नाकावर रेषा येतात, त्यांना रोझेशिया हा विकार असू शकतो. सावळ्या रंगात लाली लपून राहिल्यामुळे तो ओळखायचा राहून जातो. त्यांनी आपल्याला नेमके काय बाधते हे लिहून ठेवावे. सांगलीत राहून भडंग सर्वांनीच सोडावे असे मी म्हणणार नाही. ज्याला बाधते त्याने सोडावे.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५१. हळदीचा व्यापार. वर्षभरात त्यांच्या छातीवर, मानेवर आणि खांद्यांवर मधोमध लाल ठिपका आणि भोवती पाय फुटावेत तशा रेषा असलेले दहा-बारा डाग आले आहेत. भूक कमी झाली आहे. रोज संध्याकाळी ‘थोडी’ घेण्याची सवय पुष्कळ वर्षांची आहे. लेझरने हे डाग घालवायचे आहेत, कारण मुलाच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. – मार्केट यार्ड परिसर, सांगली

उत्तर : वहिनी, हे डाग पुसण्याची घाई करू नका. मधल्या ठिपक्यावर पेन्सिलचे टोक दाबून पाहा : डाग पांढरा पडेल आणि टोक उचलताच मधून बाहेर, पायांच्या दिशेने भरत जाईल. तसे झाले, तर त्या पायावरच्या निळ्या शिरा नव्हेत. त्या बारीक धमनीतून फुटलेल्या जाळ्या आहेत. गर्भवती स्त्रीला किंवा निरोगी लहान मुलालाही असा एखादा डाग येतो आणि त्यात काळजीचे काही नसते. परंतु मद्य घेणाऱ्या पुरुषाच्या छातीवर वर्षभरात दहा-बारा डाग उठणे आणि भूक मंदावणे, हे यकृत बिघडल्याचे लक्षण असू शकते. यकृत नीट काम करीनासे झाले की शरीरातील इस्ट्रोजेनचे प्रमाण तुलनेने वाढते आणि त्याच्या परिणामाने या वाहिन्या उघडतात, असे मानले जाते.

या आठवड्यातच यकृताच्या रक्ततपासण्या, हिपॅटायटीस ‘बी’ व ‘सी’ची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी आणि फिजिशियनना दाखवावे. त्यासाठी पुण्या-मुंबईला धावण्याचे कारण नाही. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारल्यापासून कर्नाटकातले रुग्णही उपचारांसाठी आपल्याकडे येत आले आहेत. मद्य पूर्ण बंद करावे, मात्र रोज घेणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगून बंद करावे, कारण एकाएकी थांबवल्याने काहींना कंप, भ्रम किंवा झटके येतात. हळदीच्या पेठेत हे लिहिणे धाडसाचे आहे, तरी लिहिते : स्वयंपाकातली हळद निर्धोक आहे, परंतु ‘यकृत साफ करणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या अर्काच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घरात व्यापार आहे म्हणून त्या सुरू करू नयेत. डाग काढायचेच झाले तर मधला ठिपका लेझरने किंवा विजेच्या सुईने मिटवला की पाय आपोआप विरतात. ते काम पाच मिनिटांचे आहे आणि नंतर केव्हाही होईल.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. दोन्ही पोटऱ्यांवर जांभळ्या रेषा आणि गालावर एक लाल ‘कोळी’ उठला आहे. आताच उपचार केला तर पुढे वाढणार नाही ना? – आष्टा

उत्तर : आता काहीही करू नये. गर्भारपणात रक्ताचे प्रमाण आणि संप्रेरके वाढल्यामुळे हे होते. गालावरचा डाग बहुतेकींचा बाळंतपणानंतर काही महिन्यांत जातो, आणि पायावरच्या रेषाही पुष्कळ ओसरतात. अंगावर पाजत असेपर्यंत इंजेक्शन पुढे ढकलावे आणि उरलेल्याचा विचार नंतर करावा. मात्र एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा गरम लागला, तर शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालयात जावे, सकाळची वाट पाहू नये.

प्रश्न : तीन आठवड्यांनी माझे लग्न आहे. पोटरीवरच्या शिरा तोपर्यंत घालवायच्या आहेत. आरोग्य विम्यातून खर्च मिळेल का? – सांगली

उत्तर : तीन आठवड्यांत जाणार नाहीत. उलट त्या वेळी इंजेक्शनच्या जागी निळे-तपकिरी डाग ऐन भरात असतील. लग्नाच्या पाच-सहा महिने आधी सुरुवात केली असती तर जमले असते. केवळ दिसण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च आरोग्य विम्यात धरला जात नाही. डॉपलरमध्ये मोठ्या शिरेचा दोष सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही विमा कंपनीची पूर्वसंमती आधी घ्यावी. सध्या हळदीला साडी नेसा, आणि लग्नानंतर सवडीने या.